इनबोर्ड डिझेल काढून आऊटबोर्ड लावावं का? २४ फुटी शिडाची बोट, रेवदंडा खाडी

दांडियाबाजारचा फिटर:
नमस्कार मंडळी. मी राहतो बडोद्यात, बोट असते रेवदंड्याच्या खाडीत. चौलचे मामा आणि मी, दोघांत मिळून ही फायबरची बोट, वजन साधारण २ टन. महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीने पनवेल गाठतो, पुढे एस.टी., मग दोन दिवस पाण्यावर. मामा ७४ वर्षांचे आहेत, पण सुकाणू अजून त्यांच्याच हातात.

इंजिन इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेलं, ९ एचपीचं, एक सिलिंडरचं डिझेल. खाऱ्या पाण्यावरच थंड होणारं, म्हणजे तीसेक वर्षं त्याच्या ब्लॉकमधून समुद्र फिरतोय. गेल्या महिन्यात परतताना खाडीच्या तोंडाशी, कोर्लईच्या टोकाखाली वारा पडला. ओहोटी आम्हाला बाहेर ओढत होती. इंजिन दहा मिनिटं चाललं, पांढरा धूर आला, गरम झाल्याचा भोंगा वाजला आणि बंद पडलं. चार वाव (साधारण २४ फूट) पाण्यात नांगर टाकला आणि भरती लागेपर्यंत साडेतीन तास बसून राहिलो. मामा त्या वेळात एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

मेकॅनिक म्हणतो, काढून टाका, मागे आऊटबोर्ड, म्हणजे बाहेर लटकणारं पेट्रोल इंजिन, टांगा. लोखंडाचं काम मला येतं, तीस वर्षं फिटर ट्रेड शिकवलाय. ते टांगायला ३१६ स्टेनलेसचा ब्रॅकेट बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या शेडमध्ये करून घेईन. पण बोटीचं पुढे काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं.

रत्नागिरीचा खलाशी:
साहेब, इंजिन खरंच गेलंय का ते आधी बघा. एक्झॉस्टचा एल्बो, जिथे धुरात समुद्राचं पाणी मिसळतं, तो मीठ आणि काजळीने आतून बुजतो. काढा आणि आत बोट घालून बघा. पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा पुढे थर्मोस्टॅटपाशी अडकलेला सापडेल. डिपस्टिकवर तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर मात्र पाणी आत गेलंय.

मी घाई करू नका म्हणतो त्याचं कारण तुमची जागा. डिझेलचा पंखा (प्रोपेलर) बोटीच्या पोटाखाली असतो, कायम पाण्यात. आऊटबोर्डचा शेपटीला. खाडीच्या तोंडावर ओहोटीचं पाणी आणि समोरून वारा, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. मागची बाजू उचलली की पंखा हवा गिळतो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागच्या जागी. ते सोसायची तयारी असेल तरच करा.

शिडवाली, मुंबई:
मी २३ फुटीवर हाच बदल केलाय, चार वर्षं झाली. खलाशीदादा म्हणतात ते खरं आहे, म्हणून आऊटबोर्डचा शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणारा दांडा, २५ इंचीच घ्या, २० इंची चालणार नाही. हाय-थ्रस्ट मॉडेल बघा. त्यात इंजिनाचे साधारण तीन फेरे होतात तेव्हा पंख्याचा एक होतो. मोठा पंखा सावकाश फिरतो, जड बोटीला तोच हवा. तुमच्या २ टनांना आणि त्या ओहोटीला ९.९ एचपी योग्य वाटतं.

माझा खरा खर्च झाला तो मागच्या फळीवर. हातोडीच्या मुठीने ठोकत गेले, एका कोपऱ्यात आवाज बद्द आला. आतलं प्लायवूड कुजलं होतं. ते बदलून आतून जाड पाठपट्टी दिली, मगच ब्रॅकेट बसवला. जुन्या डिझेलच्या शाफ्टचं बोटीच्या तळातलं भोक बंद करताना नुसती भर घालू नका. कडा जाडीच्या बारापट उतार देऊन घासा आणि आतून-बाहेरून इपॉक्सीत काच-कापडाचे थर द्या.

शिडावर बोट जाणवेल इतकी हलकी चालते, पंखा ओढायचा नसतो ना. पण मधलं वजन गेलं आणि शेपटीला आलं, त्यामुळे मी बॅटरी आणि पाण्याचे कॅन पुढे हलवले. धक्क्याला लागताना जपा. डिझेलचा पंखा सुकाणूवर पाणी फेकायचा, आता ते नाही. संथ गतीत बोट लवकर वळत नाही. आणि मामांसाठी सेल्फ-स्टार्टच घ्या. हलत्या बोटीत मागे वाकून दोरी ओढायचं हे वय नाही.

दांडियाबाजारचा फिटर:
ताई, दादा, मनापासून आभार. शनिवारी जाऊन उघडलं. एल्बोत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती, तो साफ केला असता तर काम भागलं असतं असं क्षणभर वाटलं. पण तेल दुधाळ निघालं. हेड उतरवलं, तर सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामधली भिंत खाल्लेली. खिळ्याने टोचली तर खिळा आत गेला. आता त्यात जीव ओतण्यात अर्थ नाही. मामांनी बराच वेळ त्या खिळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, कर तुला काय करायचं ते.

रत्नागिरीचा खलाशी:
मग पेट्रोलचं नीट ऐका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते आणि एका ठिणगीला पेटते. टाकी केबिनमध्ये कधीच ठेवू नका. ज्या कप्प्यात ठेवाल त्याला तळातून थेट बाहेर उघडणारी वाट हवी आणि आतल्या बाजूने तो हवाबंद हवा. दुसरं म्हणजे हल्लीच्या पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल समुद्राच्या दमट हवेतलं पाणी ओढतं. ते पाणी तळाशी बसतं आणि इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. तुम्ही महिन्याने येता, तेव्हा बोटीत साठा ठेवू नका, दरवेळी ताजं आणा. निघताना नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

दांडियाबाजारचा फिटर:
लिहून घेतलं. एकच राहिलं: ब्रॅकेटची उंची कशी ठरवू? पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली किती हवी?

शिडवाली, मुंबई:
माझी ५ इंच खाली आहे. पण माप सुकाणूपाशी बसून घेऊ नका. नांगर उचलायला माणूस पुढे जातो तेव्हा शेपूट वर येते, आणि इंजिनाची गरज तेव्हाच असते. एकाला नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभं करून माप घ्या.

दांडियाबाजारचा फिटर:
ठरलं. येत्या खेपेला मामा सुकाणू सोडून नाळेवर उभे राहतील, मी मागे डिंगीतून (छोट्या होडीतून) फूटपट्टी लावीन. माप घेऊन आलो की इथे टाकतो.