दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशोब जुळेना

तक्तेवाला:
अक्षांश-रेखांश टाकले की अंतर आणि वेळ मिळावा, असा तक्ता एक्सेलमध्ये करतोय. तपासायला मुद्दाम लांबची जोडी घेतली, सिडनी ते सँटिआगो (चिली). दोन्ही साधारण ३४ अंश दक्षिणेला. त्याच अक्षांशावरून सरळ पूर्वेला मोजलं तर १२,७८० किमी भरतात. संकेतस्थळं मात्र ११,३४० च्या आसपास सांगतात. मधले चौदाशे किलोमीटर गेले कुठे? आणि वेळेसाठी विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरून अंतराला ९०० ने भागलं तर चालेल?

जुना_डिस्पॅचर:
ते कधी नव्हतेच. सपाट नकाशावर अक्षांशाची रेषा सरळ दिसते, म्हणून ती जवळची वाटते. पृथ्वीगोल घ्या आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो दक्षिणेकडे घसरत जवळजवळ ६२ अंशांपर्यंत जाईल, पार अंटार्क्टिकाच्या दिशेला. ग्रेट सर्कल म्हणतात तो हाच मार्ग.

सूत्र हॅव्हरसाइनचं घ्या, ते अक्षांश-रेखांशांवरून गोलावरचं अंतर देतं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे लिहायचे. एक्सेलला कोन रेडियनमध्ये लागतो. अंश तसेच दिलेत तर उत्तर काहीच्या बाही येईल. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याने अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहतो. तेवढ्यासाठी चपटेपणा धरणारं व्हिन्सेंटीचं सूत्र घालून बसणारे पुष्कळ पाहिलेत. हौस दांडगी! वारा त्याच्या कितीतरी पट फरक पाडतो.

९०० ने भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर धरा. इथे तेरा तास येतील, पण ते वारा नसलेल्या आकाशातले. दहा-बारा किमी उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे सँटिआगोला जाताना साडेबारा तास लागतात, परतताना चौदाच्या आसपास. फेब्रुवारी २०२० मध्ये एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला, म्हणजे ५,५४० किमी, पाच तासांच्या आत पोचलं होतं. एरवी साडेसहा तरी लागतात. तेव्हा जायचा आणि यायचा वेळ वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.

खिडकीची_जागा:
बंद आकाशही धरा. २०२२ पासून बहुतेक युरोपीय कंपन्यांची विमानं रशियावरून जाऊ शकत नाहीत. हेलसिंकी–टोकियो पूर्वी साडेनऊ तासांत व्हायचं, आता तेराच्या आसपास लागतात. सूत्र अजूनही जवळपास ७,८०० किमीच सांगणार.

जुना_डिस्पॅचर:
खरंय. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या वेळात कुठल्यातरी विमानतळावर उतरता येईल, असाच मार्ग घ्यावा लागतो. त्या रिकाम्या दक्षिण समुद्रावर हे जाचक ठरतं.

तक्तेवाला:
सूत्र जमलं, ११,३४० आले! पण डिसेंबरातलं उड्डाण घालून पाहिलं: सुटणार दुपारी १२:३०, पोचणार त्याच तारखेला सकाळी ११:००. प्रवास उणे दीड तास?

जुना_डिस्पॅचर:
मध्ये तारीखरेषा ओलांडली ना. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत न्या, मग वजाबाकी करा. डिसेंबरात सिडनी ११ तास पुढे, सँटिआगो ३ तास मागे. म्हणजे ०१:३० ला सुटलं, १४:०० ला पोचलं, साडेबारा तास झाले. फक्त हा १४ तासांचा फरक तक्त्यात कायमचा लिहून ठेवू नका. सप्टेंबरात सँटिआगोची घड्याळं सिडनीच्या आधी पुढे सरकतात, तेव्हा तो काही आठवडे १३ होतो. तारखेवरून काढून घ्या.