बाप हात उचलत नाही, फक्त बोलतो. हे किशोर कादंबरीत कसं आणायचं?

रेघोट्या

चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहितेय. नायिका ओवी, वय पंधरा. तिचे वडील तिला कधीच मारत नाहीत. तिला निबंधाचं बक्षीस मिळालं तर म्हणतात, "बाकी कुणी भागच घेतला नसेल." ती हसताना दिसली तर, "एवढं दात काढायला काय झालं?" आणि बिनसलं की कित्येक दिवस तिच्याशी बोलत नाहीत. ती समोर बसलेली असते आणि धाकट्या भावाला सांगतात, "तिला सांग, दिवा बंद कर."

एका जाणकार मैत्रिणीने खर्डा वाचला. तिचं म्हणणं, यात काही घडतच नाही, एकदा तरी कानाखाली वाजव म्हणजे वाचक ओवीच्या बाजूने उभा राहील. मला ते अजिबात नको आहे. एक थप्पड आली की आधीचं सगळं बोलणं त्या थप्पडीची तयारी होऊन बसतं. मग ज्या मुलांना घरी कुणी मारत नाही, पण रोज घालूनपाडून बोललं जातं, ती पुस्तक मिटून म्हणतील, "आमच्याकडे तर असलं काही नाही."

पण टोमण्यांची जंत्री वाचून वाचक कंटाळेल, हेही दिसतंय. काय करू? आणि वडिलांची बाजू द्यावी का?

दुसरी_घंटा

थप्पड घालू नका. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते, आठवी ते दहावीच्या मुलांचा वाचनगट चालवते. तुमच्या मैत्रिणीचा आक्षेप मोठ्या माणसांकडून बरेचदा ऐकलाय, मुलांकडून नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं 19 वं कलमसुद्धा शारीरिक आणि मानसिक हिंसेचा उल्लेख एका दमात करतं. कादंबरीने मागे का राहावं?

जंत्रीबद्दल मात्र तुमची भीती खरी आहे. रॉबर्ट कॉर्मिअर यांच्या 'द चॉकलेट वॉर' (1974) मध्ये एक वर्ग आहे. ब्रदर लिऑन हा शिक्षक बेली नावाच्या हुशार मुलाला पुढे उभं करतो. तुला इतके मार्क पडतात म्हणजे तू कॉपी करतोस, असं गोड आवाजात, पायरी पायरीने त्याच्या गळी उतरवत जातो. छडी एकदा गालाला लागते, तीही चुकून लागल्यासारखी. पण वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो वर्ग हसायला लागतो तेव्हा. शेवटी कुणीतरी "सोडा त्याला" म्हणतं, तर लिऑन उलटतो आणि वर्गालाच झाडतो, की तुम्ही गप्प बसून हे होऊ दिलंत. म्हणजे आधी छळायचं आणि वर छळाचा दोष बघणाऱ्यांच्या माथी मारायचा! अपमानाची वाक्यं तिथे फार नाहीत. इतरांनी काय केलं, यावर सगळा प्रसंग उभा आहे.

म्हणून मी वडिलांची निम्मी वाक्यं काढून टाकेन आणि ती जागा ओवीला देईन. असं बोलणं रोज ऐकणारी मुलं काय करतात ते बघा. काहीही विचारण्याआधी "सॉरी" म्हणतात. चावीचा आवाज आला की आजचा मूड कसा असेल त्याचा अंदाज बांधतात. चांगली बातमी घरी सांगतच नाहीत. आमच्या ग्रंथालयात एक कादंबरी परत आली, तिच्यात एकाच ठिकाणी समासात पेन्सिलीची बारीक रेघ होती. शिवीगाळीच्या पानावर नव्हती. मुलगा मित्राला एका ओळीचा मेसेज लिहितो, पुन्हा पुन्हा वाचतो, 'हा माझ्यावर चिडेल' म्हणून पुसतो, त्या परिच्छेदापाशी होती. रेघ कुणाची हे मी शोधलं नाही, शोधायचंही नसतं. पण तुमचा वाचक नेमका तिथे थांबणार आहे. बक्षिसाचा कागद ओवी कुठे ठेवते, हे तुम्ही लिहिलंत तर "बाकी कुणी भागच घेतला नसेल" हे वाक्य एकदा आलं तरी पुरेल.

आणि कृपा करून शेवटी वडिलांना रडवून माफी मागायला लावू नका. गटातली मुलं त्या प्रकरणावर सर्वांत जास्त चिडतात.

अर्धविराम

वरच्या बहुतेक गोष्टी पटल्या. वडिलांच्या बाजूबद्दल सांगतो. अ‍ॅलेक्स फ्लिन यांची 'ब्रीदिंग अंडरवॉटर' (2001) पूर्ण छळणाऱ्या मुलाच्या तोंडून आहे. कोर्ट त्याला रोजनिशी लिहायला लावतं. त्याचा बापही तसाच, हे कळत जातं, पण तेवढ्याने मैत्रिणीला दिलेला त्रास माफ होत नाही. तो तोल सांभाळायला अख्खी कादंबरी लागली आहे. तुमची कादंबरी ओवीची आहे. बापाच्या बालपणावर एक प्रकरण खर्च केलंत, तर त्याला समजून घेण्याचं काम पंधरा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात पडेल, आणि ते ती आधीच रोज करतेय. मी देणार नाही.

वही_मागची_पानं

मी एकोणीस वर्षांची आहे, लेखक वगैरे नाही. एकच सांगायचंय. वडिलांना एक चांगला दिवस द्या. खरोखर चांगला. ते ओवीला सायकल दुरुस्त करायला शिकवतात, तिचं ऐकून घेतात, हसतात. अशा घरात सर्वांत जास्त गोंधळ त्याच दिवशी उडतो. वाटतं, बघ, माणूस चांगला आहे, मीच काहीतरी करते म्हणून बिघडतं. सतत कडू बोलणारा बाप पुस्तकात ओळखायला सोपा असतो. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत हा दिवस फार कमी वेळा भेटला, म्हणून मला वाटायचं की आमच्या घरातलं 'ते' नाहीच.

रेघोट्या

वही_मागची_पानं, सायकलचा प्रसंग घेते. तुमची हरकत नसेल तर जवळजवळ असाच. मध्यावर येईल, लांबलचक अबोल्यानंतर लगेच.

दुसरी_घंटा, तुमचा वर्गाचा मुद्दा वाचल्यापासून धाकट्या भावाकडे नव्याने बघतेय. मी त्याला नुसता निरोप्या करून ठेवला होता. आता तो आठ वर्षांचा होईल, आणि एका प्रकरणात ओवीचं चित्र बघून वडिलांच्याच सुरात म्हणेल, "बाकी कुणी भागच घेतला नसेल." बाप तेव्हा घरात नसेल. बक्षिसाचा कागद ती गणिताच्या वहीच्या कव्हरच्या आत ठेवते, हेही ठरलं. मैत्रिणीला नवा खर्डा थप्पडीशिवायच पाठवणार आहे.

दुसरी_घंटा

भाऊ तसं बोलतो तेव्हा ओवीने त्याला लगेच समजावू नये, एवढं बघा. आधी तिने त्याच्यावर चिडावं, वाईट बोलावं. समजावणं पुढच्या प्रकरणात आलं तरी चालेल. खर्डा झाला की मला पाठवा, गटातल्या दोन-तीन जणांना वाचायला देते.