मदत हवी आहे: पावसात घुमट या वाद्याचा सूर उतरतो, रेकॉर्डिंग कसं जुळवू?

आमचा चौघांचा बँड, फोंड्याचा. मराठी शब्दांचा प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम करतोय. त्यातलं एक गाणं १९ मिनिटांचं आहे. या जॉनरमध्ये ते नवीन नाही, 'येस' या बँडच्या 'क्लोज टू द एज' अल्बमचं शीर्षकगीत १९७२ सालीच १८ मिनिटांच्या वर गेलं होतं, त्यामुळे 'लहान करा' हा सल्ला कृपया नको. (मित्रांना ऐकवलं तर निम्मे सातव्या मिनिटाला चहाला उठले, ते वेगळं.)

अडचण घुमटाची, म्हणजे एका तोंडाला चामडं ताणलेल्या मातीच्या मडक्याची. सात मात्रांचा मधला भाग मे महिन्यात वाजवून घेतला, पुढचा जुलैत. घुमट तेच, वादक तोच, माइकही तिथेच. पण दमट हवेने चामडं सैल पडलंय आणि सांध्यावर आवाज धप्पकन खाली बसतो.

एसी दोन तास लावून पाहिला, बल्बजवळ धरून शेकून पाहिलं. सूर चढतो, पण चार-पाच मिनिटांत परत उतरतो. सॉफ्टवेअरने पिच चढवला तर मडक्याची घुमारच जाते, कारण वादक डाव्या हाताने मागचं तोंड झाकतो-उघडतो, त्याने आवाजाला येणारा बाक प्लास्टिकसारखा ऐकू येतो.

चामडं बकऱ्याचं आहे, पूर्वी लावत तसं घोरपडीचं नाही. दुसरं घुमट आणायला बजेट नाही. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की वादक आरत्यांत अडकणार, म्हणजे हातात तीनच आठवडे.

मे महिन्याचा भागच आता उतरलेल्या सुरात पुन्हा वाजवून घेऊ, की पावसातही तासभर सूर धरून ठेवायचा काही उपाय आहे?