शिष्यवृत्ती मिळते हो, पण कधी मिळते?

शिष्यवृत्ती आहे, होस्टेल न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वाधार योजना आहे, २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना प्रोफेशनल कोर्सची फी माफ आहे, मग पोरं पैशावाचून अडतात कशी, असं लोक विचारतात. योजना आहेत हे खरंच, पण फी माफ झाली तरी मेस आणि कॉटचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं आणि शिष्यवृत्तीचा हप्ता कधी येईल ते कुणी सांगत नाही.

माझंच सांगते. इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर, अर्ज मंजूर दिसत होता पण पैसे येईनात, कॉलेजात विचारलं तर बँकेत जा, बँकेत गेलं तर कॉलेजात जा. शेवटी कळलं की डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आपण दिलेल्या खाते नंबरवर नाही तर आधारला जे खातं सीड आहे, म्हणजे जोडलेलं आहे, त्यात जातात, आणि माझं आधार शाळेत असताना गावच्या बँकेत काढलेल्या, कधीच बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं होतं! तोपर्यंत पाच महिने मी संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात कामाला उभी राहायचे, रात्री साडेदहाला रूमवर, त्यात एम-३ हा गणिताचा पेपर बॅक राहिला आणि बॅकलॉगची परीक्षा फी वेगळी भरावी लागली.

म्हणून ज्यांचे अर्ज आत्ता चालू आहेत त्यांनी आजच माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, दोन मिनिटांचं काम आहे. खातं जुनं दिसलं तर चालू खात्याच्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा आणि पोच घ्या.