सेकंडहँड गाडी, चावी एकच मिळाली: चोरी होऊ नये म्हणून नेमकं काय काय करू?

मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा लवकर हवी आहे.

गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. नुकतीच एका यूज्ड कार डीलरकडून घेतली. राहायला धायरीत, सोसायटी जुनी, पार्किंग ज्यांनी पहिल्यापासून धरून ठेवलंय त्यांचंच, त्यामुळे आमची गाडी रात्रभर बाहेर रस्त्यावर कडुलिंबाखाली उभी असते. आत्तापर्यंत काळजी होती ती फक्त कावळ्यांची. पण परवा पलीकडच्या गल्लीतून एक मारुती इको चोरीला गेली. इकोचे सायलेन्सर कापून नेतात हे ऐकून होते (आतल्या मातीत महागडे धातू असतात म्हणे), इथे अख्खी गाडीच नेली, आणि सीसीटीव्हीत दोन टोप्या सोडल्या तर काही दिसत नाही.

मग ॲक्सेसरीजवाल्याकडे गेले तर त्याने एका दमात सायरनवाला अलार्म, गिअर लॉक, जीपीएस आणि वर "मॅडम इंजिन कट रिले पण टाकू, मोबाईलवरून गाडी बंद" असं सगळं सांगितलं. सासरे म्हणतात गिअर लॉक घाला, बाकी थोतांड आहे. नवरा म्हणतो कंपनीचा इमोबिलायझर आहे की, मग कशाला खर्च. मला दोघांचंही पटतंय आणि दोघांचंही पटत नाहीये.

तर प्रश्न असे की इमोबिलायझर असताना बाहेरचा अलार्म लावून खरंच फरक पडतो का, की नुसता वायरिंगचा सत्यानाश? असं काही बसवलं की इन्शुरन्समध्ये सूट मिळते हे खरं का? आणि गाडीची चावी एकच मिळालीये, दुसरी "मागच्या मालकाकडून मागवतो" असं डीलर अजून म्हणतोच आहे, त्याने काही बिघडतं का? इन्शुरन्स मार्चपर्यंत आहे, फुल आहे, पेपर मागच्या मालकाच्या नावाचा आहे पण डीलर म्हणाला गाडी इन्शुअर्ड आहे, तुम्ही निवांत राहा.

– धायरीकर_मृ

*

कार्ब्युरेटर_काका:

ताई, आधी इमोबिलायझरचं सांगतो, कारण निम्म्या लोकांना तो म्हणजे अलार्म वाटतो. तो ओरडत बिरडत नाही. चावीच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते, तिला सेलही लागत नाही. इग्निशनच्या भोकाभोवती एक कॉइल असते, ती चावी घातली की चिपला जागं करते, चिप आपला कोड सांगते आणि तो जुळला नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडत नाही. स्टार्टर फिरेल, इंजिन लागणार नाही. मीटरमध्ये गाडी आणि कुलूप असं लाल चित्र लुकलुकतं ना, तो हाच. बघायचं असेल तर चावीच्या डोक्याला पोळी गुंडाळायचा फॉइल दोन-तीन वेढे घट्ट लावा आणि स्टार्टर मारा, बहुतेक वेळा गाडी लागत नाही. फॉइल काढा, एका सेल्फमध्ये लागते.

म्हणजे वायरी जोडून गाडी पळवायचे दिवस गेले, एवढं काम तो चोख करतो. पण टो करून नेली तर तो काय करणार? तिथे तुमच्या सासऱ्यांचा गिअर लॉक कामाला येतो. रिव्हर्समध्ये टाकून लॉक केली की ढकलून नेता येत नाही, पुढची चाकं उचलावीच लागतात, आणि ग्राइंडर लावायचा तर आवाज होतो. सासरे बरोबर आहेत, त्यांना सांगू नका.

सायरनचं माझं मत वाईट आहे. दिवाळीत लवंगी फुटली तरी बोंबलतो, मांजर बोनेटवर बसलं तरी बोंबलतो, चार दिवसांनी सोसायटीत कुणी खिडकीसुद्धा उघडत नाही. लावायचाच तर वायर सोलून टेप मारणाऱ्याकडे नको, कपलरवाला (वायर न कापता प्लगसारखा जोडायचा) किट घ्या आणि धक्का ओळखणारा शॉक सेन्सर कमी ठेवा. नाहीतर चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरलेली.

नोएडातला_मराठी:

इथे दिल्ली-एनसीआरमध्ये प्रकार पुढे गेलाय म्हणून लिहितो. काच फोडतात, स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र जोडतो ते सॉकेट) टॅबलेटसारखं यंत्र लावतात आणि तिथल्या तिथे नवी चावी गाडीला "ओळख" करून देतात. झालं, इमोबिलायझर आता त्यांचाच. पुश बटणच्या गाड्यांना तर घरातल्या चावीचा सिग्नल ॲम्प्लिफायरने ओढून दार उघडतात, त्यासाठी लोक चावी सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवतात. तुमची साधी चावी आहे, त्यामुळे पाऊचवर पैसे घालू नका. ओबीडी पोर्टला मात्र लोखंडी लॉक मिळतं, ते लावा.

जीपीएस लावलात तर डॅशबोर्डच्या मागे नको, चोर पहिला हात तिथेच घालतो. आणि तो इंजिन कट रिले... चालत्या गाडीत पेट्रोल तोडलं तर स्टेअरिंग जड, ब्रेक जड, मागून ट्रक. गाडी थांबल्यावरच कट करणारा असेल तरच घ्या.

निवृत्त_सर्व्हेअर:

मृताई, वर सगळ्यांनी गाडीचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो, आणि माझ्या मते तुमची खरी भीती तिथे आहे. गिअर लॉक उद्या घातलात तरी चालेल, हे आज करा.

पॉलिसी मागच्या मालकाच्या नावावर आहे ना? मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ आहे. गाडी विकली की थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग आपोआप नव्या मालकाकडे येतो असं धरतात. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्यात चोरी येते, तो तसा येत नाही. गाडी ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ते नसेल आणि गाडी गेली तर कंपनी म्हणणार तुमचा आमच्याशी करारच नाही, आणि मागच्या मालकाला म्हणणार तुमची गाडीच नाही. मधल्यामध्ये कर्जाचे हप्ते असतील तर ते तुमचे. "गाडी इन्शुअर्ड आहे" हे डीलरचं वाक्य पोलिसाने अडवलं तेवढ्यापुरतं खरं. ट्रान्सफर करताना नो क्लेम बोनसचा (क्लेम न केल्याबद्दल मागच्या मालकाला मिळालेल्या सवलतीचा) फरक भरायला लावतील, तो भरा, कारण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही.

आता चावी. चोरीच्या क्लेमला आरसी, पॉलिसी, एफआयआर यांच्याबरोबर कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते. एकच दिली की इन्व्हेस्टिगेटर पहिला प्रश्न विचारतो, दुसरी कुठाय, गाडीत राहिली होती का? माझ्यासमोर असे क्लेम महिनोन्‌महिने लटकलेत. आणि क्लेमचं सोडा, ती चावी आत्ता कुणाच्या खिशात आहे हेच तुम्हाला माहीत नाही. डीलरकडून "एकच चावी दिली" असं लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. नाहीच मिळाली तर पोलिसांच्या साइटवर हरवल्याची नोंद करा आणि इन्शुरन्स कंपनीला ईमेल टाका.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून दुसरी चावी करून घ्या. बहुतेक गाड्यांत नवी चावी रजिस्टर करताना जुन्या पुसून हातातल्या तेवढ्या पुन्हा नोंदवतात, म्हणजे ती बाहेरची चावी इंजिनासाठी मेली. दार मात्र ती अजून उघडेल, कारण पातं तेच आहे. मन खात असेल तर लॉक सेट बदला. बिल जपून ठेवा.

इन्शुरन्समधल्या सुटीचं: एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने मान्यता दिलेलं चोरीविरोधी यंत्र असेल तर ओन डॅमेज प्रीमियमवर अडीच टक्के, तेही जास्तीत जास्त ५०० रुपये, असा टॅरिफचा, म्हणजे ठरवून दिलेल्या दरांचा नियम होता. त्या ५०० साठी यंत्र बसवू नका. सूट घेतलीत तर यंत्र चालू ठेवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच अंगावर येतं.

आणि देव न करो, गेलीच तर आधी पोलीस. ई-एफआयआर केलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. कंपनीलाही लगेच कळवा. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एफआयआर लगेच केली असेल तर नुसत्या कंपनीला कळवायच्या उशिरावर क्लेम नाकारता येत नाही, पण कोर्टात जायची हौस कुणाला? पोलिसांचा तपास लागला नाही की "अ समरी" (गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही असा अहवाल) होते, तो कागद आल्याशिवाय पैसे निघत नाहीत. मिळतो तो आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत, तुम्ही गाडी कितीला घेतली तो आकडा नाही. पाच वर्षांवरच्या गाडीचा आयडीव्ही तुमच्या-त्यांच्या संमतीने ठरतो, तेव्हा नव्या पॉलिसीत प्रीमियम कमी दिसावा म्हणून तो पाडू देऊ नका.

कार्ब्युरेटर_काका:

हे बेस्ट. मी उगाच फॉइलमध्ये अडकलो.

धायरीकर_मृ:

सर्व्हेअर काका, कसे आभार मानू, १५७ वगैरे डीलरने चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. आज त्याला फोन केला. चावीचं अजून "बघतो", पण एकच दिल्याचं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलंय, स्क्रीनशॉटही काढून ठेवलाय. गिअर लॉक शनिवारी बसतोय, सासरे स्वतः येणारेत दुकानात. सायरन रद्द.

आता नवी अडचण. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात आरसीवर तुमचं नाव नसेल तर चावीची ऑर्डर घेता येत नाही, आणि इन्शुरन्सवालेही ट्रान्सफरसाठी आरसी किंवा आरटीओची पावती मागतायत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यात पण फाइल डीलरच्या एजंटकडे आहे, आणि मागच्या मालकाच्या बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) यायची आहे असं आता कळतंय. गाडीवर लोन होतं हेच मला आज समजलं. पुणे आरटीओत ही फाइल स्वतः जाऊन पुढे सरकवता येते का, की फॉर्म ३५ (आरसीवरून बँकेचं नाव काढायचा) आल्याशिवाय काहीच होत नाही? तोवर गाडी भावाच्या कात्रजच्या बंद पार्किंगमध्ये लावलीये.