मदत हवी आहे: बग ट्रॅकर आणि कोड चाळायला काय वापरावं?

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं एक छोटा ओपन सोर्स प्रकल्प चालवतो. बगच्या (प्रोग्राममधल्या चुकांच्या) नोंदी आतापर्यंत स्प्रेडशीटमध्ये होत्या. परवा कुणीतरी एकच कॉलम सॉर्ट केला आणि 'क्रॅश होतो' हा शेरा भलत्याच बगसमोर जाऊन बसला!

आता स्वतःच्या सर्व्हरवर नीट काहीतरी बसवायचंय. मेमरी जेमतेम 2 जीबी, म्हणजे कोड आणि बग एकत्र सांभाळणारं पण जड असलेलं गिटलॅब बाद. फॅब्रिकेटर हे तशाच कामाचं साधन मला फार आवडायचं, पण 2021 मध्ये त्याची अधिकृत देखभालच थांबली. बगझिला हा बग ट्रॅकर भक्कम आहे, पण नवख्याला त्यातला बग नोंदवायचा फॉर्म बघूनच घाम फुटतो. गाडी अडलीय ती रेडमाइन (प्रकल्प आणि बग सांभाळणारं) की फोर्जेजो (गिटमधला कोड आणि बग एकत्र ठेवणारं) इथे. कमिटच्या (कोडमधला बदल नोंदवतानाच्या) संदेशात बगचा नंबर लिहिला की बग आपोआप बंद व्हावा, एवढं दोन्हीत जमतं. रेडमाइनला मात्र गिट रेपोची (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्याची) प्रत त्याच सर्व्हरवर लागते.

खरी पंचाईत कोड चाळण्याची. सीगिट हे ब्राउझरमध्ये गिटमधला कोड दाखवणारं साधन हलकं आहे, फाइल आणि इतिहास छान दाखवतं, पण 'हे फंक्शन कुठून कुठून बोलावलंय?' याचं उत्तर देत नाही. ओपनग्रोक हे कोडमध्ये शोध घेणारं साधन देतं, पण ते जावावर चालतं. दोन-तीन लाख ओळींचा कोड इतक्या मेमरीत इंडेक्स होईल का, म्हणजे शोधासाठी त्याची सूची बनेल का? कुणी करून पाहिलंय?

आणि जुन्या नोंदींचे नंबर तेच ठेवून त्या नव्या ट्रॅकरमध्ये कशा न्यायच्या?