नर्सिंगच्या पोस्टिंगला प्रत्येक वॉर्डात वेगळं काय शिकायला मिळतं?

रामबागची_मुलगी:
नमस्कार, मी इंदूरची, बीएस्सी नर्सिंगचं पहिलं वर्ष. आत्ता फाउंडेशन चालू आहे म्हणजे बेड मेकिंग, स्पंजिंग (पेशंटचं अंग ओल्या फडक्याने पुसणं), टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी, आणि दोन आठवडे नुसत्या चादरीच घालतेय असं वाटतंय. आत्या म्हणते चार वर्षं हेच करायचं तर त्यात शिकायचं काय, आणि मला उत्तर देता येत नाही, रडू येतं. पुढे बाळंतपण, लहान मुलं, सायकियाट्री, कम्युनिटी सगळं येतं ना, तिथे खरंच काय शिकवतात? सीनियर्सनी सांगा प्लीज.

निवृत्त_सिस्टर:
बाळा, चादर बदलताना पेशंटला कुशीवर वळवतेस तेव्हा त्याची पाठ बघतेस का? माकडहाडावर, टाचेवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही तो फिका पडला नाही तर बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम, सुरू झाला समज, दर दोन तासांनी कूस बदलायची ती त्यासाठीच. माझी बहुतेक नोकरी लेबर रूममध्ये गेली. बाळ झालं, वार पडली की घरचे पेढे आणायला पळतात, पण आपल्यासाठी पुढचे दोन तास फार महत्त्वाचे. पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक गोळ्यासारखं लागतंय का ते सारखं बघायचं, मऊ लागलं तर मसाज सुरू करायचा आणि तिथूनच डॉक्टरांना हाक मारायची, बाईला सोडून जायचं नाही. पॅड किती भिजले ते मोजून लिहायचं, नुसतं "ठीक" लिहायचं नाही. हे हाताला कळायला मला वर्ष लागलं गं.

थर्ड_इयर_वाला:
ताईंनी बरोबर सांगितलं. मी पिडियाट्रिकला पहिल्या दिवशी नवजात बाळाचा श्वास 15 सेकंद मोजून चारने गुणला, सिस्टरनी शेजारी उभं राहून परत पूर्ण मिनिट मोजायला लावला, कारण बाळं मध्येच थांबून थांबून श्वास घेतात. मोठ्यांचा 12 ते 20, नवजात बाळाचा 40 ते 60 सुद्धा नॉर्मल. औषधाचा डोस वजनावर, म्हणून आधी वजन, मग हिशोब, मग दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं.
आणि सायकियाट्रीला घाबरू नकोस. एक आजी रोज विचारायच्या मुलगा आला का, मी म्हटलं येतील हं उद्या. मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं, खोटी आशा देऊ नकोस, मुलाबद्दल विचार आणि ऐक. मी ऐकत बसलो, त्या अर्धा तास बोलल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवल्या. तो दिवस मी विसरलो नाही.

सांवेर_रोड:
कम्युनिटीचं मी सांगते. वॉर्डात सगळं हाताशी असतं, घरोघरी जाताना तुमच्याकडे एक बॅग आणि हात धुवायला साबण. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं हे आपल्याला पाठ असतं, पण आई थोडी थोडी पावडर ग्लासात टाकून देते कारण घरात लिटरचं मापच नाही. मग लिटरची पाण्याची बाटली शोधायची, तिच्या हातून करवून घ्यायचं आणि उरलेलं 24 तासांनी फेकायचं हेही सांगायचं. समजावून सांगणं हीसुद्धा नर्सिंगच आहे, ते कुणी गृहीत धरू नये.

रामबागची_मुलगी:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. आज एका काकांची टाच बघितली, लाल होती, दाबली तरी तशीच! सिस्टरना सांगितलं तर त्यांनी पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायला शिकवली आणि चार्टवर माझ्याकडूनच लिहून घेतलं. रात्री आत्याला फोन करून सांगणार आहे. पण काका खूप जड आहेत, एकटीने कूस कशी बदलायची?

निवृत्त_सिस्टर:
एकटीने नाहीच करायची. ड्रॉशीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर, घाल, समोरून मैत्रिणीला उभं कर आणि दोघींनी एकदमच उचला, ओढू नका, ओढलं की कातडी सोलते. आणि आधी काकांना सांग आता वळवतोय म्हणून.